आस जुना, गाडी जुनी

माझ्या धाकट्या भावाची गाडी शेलार गावातल्या आमच्या गोदामात एका कोपऱ्यात उभी होती. उभी म्हणणं तितकंसं खरं नाही. पुढची चाकं जमिनीवर होती आणि मागचा भाग घोड्यांवर टेकवलेला होता. जॅकनं उचललेली गाडी ज्या लोखंडी आधारांवर ठेवतात त्यांना गॅरेजात घोड्या म्हणतात, हे मला त्याच्याकडूनच कळलेलं. मागची चाकं काढलेली होती आणि चाकांना धरून ठेवणारं सगळंच काढलेलं होतं. हौजिंग, म्हणजे जिच्या दोन टोकांना मागची चाकं बसतात ती जाड लोखंडी नळी, भिंतीशी लाकडी ठोकळ्यांवर आडवी ठेवलेली होती. धूळ बसू नये म्हणून त्याने तिच्यावर जुनी चादर पांघरली होती. तो गेल्यावर मी पहिल्यांदा गोदामात गेले आणि ती पांघरलेली चादर बघून तशीच परत फिरले.

तो दिवाळीनंतर गेला. सकाळी छातीत कळ आली म्हणाला, रिक्षात बसला, आणि इस्पितळाच्या दारात रिक्षातून उतरला नाही. त्याबद्दल मला आणखी काही लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते गाडीबद्दल. त्या वर्षात आमच्या घरात चांगली झालेली ती एकच गोष्ट, आणि ती इतकी चांगली झाली की व्याकरण शिकवताना मध्येच आठवण येऊन मला अजून हसू फुटतं.

मी भिवंडीत कॉलेजात मराठी शिकवते. टेमघरला आई आणि मी राहतो. भाऊही आमच्यातच राहायचा, पण तो असायचा गोदामात. गाडी जुनी, लांब नाकाची, चार दारांची. आमच्या लहानपणी अशा गाडीतून नवरदेव यायचे. त्याने ती गंजलेली आणली, तिचा पत्रा नीट केला आणि तिच्यात एका परदेशी गाडीचं सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन बसवलं. रीतसर परवानगी काढून कागदपत्रांतही त्याची नोंद करून घेतली. मूळ इंजिनाच्या कितीतरी पट ताकद. मागचा भाग मात्र मूळचाच होता, पाट्यांवर.

पाटे म्हणजे ट्रकखाली दिसतात ते, एकावर एक ठेवलेले पोलादी पट्टे. भावाने पहिल्यांदा हा शब्द घरात वापरला तेव्हा आई म्हणाली होती, “गाडीत पाटा कशाला? वरवंटा बी ठेवलास का?” त्याला त्याचं इतकं हसू आलं की तो पुढे कित्येक दिवस मागच्या भागाला पाटा-वरवंटाच म्हणत होता.

ती गाडी पाट्यांवर एकदाच पळाली. आमचं गोदाम रस्त्यापेक्षा खाली आहे. रस्ता काँक्रीटचा करताना उंच झाला आणि गोदामं खाली राहिली, त्यामुळे बाहेर पडायला एक उभा चढ चढावा लागतो, खडी आणि भराव टाकलेला. भावाने चढावर पाय दाबला. गाडीचा मागचा भाग थडथडत उड्या मारायला लागला, जमिनीवर आपटायचा, उचलायचा, पुन्हा आपटायचा, आणि अर्ध्या चढावर काहीतरी मोठ्याने तुटलं. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या शाफ्टचा सांधा गेला होता. गाडी तशीच मागे घरंगळत खाली आली. भाऊ उतरला तो हसतच. “ताई, मागे म्हैस बांधलेय असं वाटलं. लाथा मारते.”

मग त्याने मागचं सगळं खोललं. काय बसवायचं हे ठरवायच्या आधी तो गेला.

गोदामाचे निम्मे मालक आमचे काका. त्यांना कापडाच्या गाठी ठेवणारा एक भाडेकरू मिळाला होता आणि त्याला सगळं गोदाम रिकामं हवं होतं. काका वाईट माणूस नाहीत. तेराव्यापर्यंत ते आमच्या ओट्यावरून उठले नव्हते. पण व्यवहार म्हणजे व्यवहार. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी ते घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, “इंजिनाला गिऱ्हाईक हाय. बॉडी भंगारात जाईल. मी बोलून ठेवलंय.”

मी म्हणाले, “काका, गाडी तुकड्यांत नाही द्यायची.”

“मग आख्खी कोण घेतोय? मागची चाका न्हाईत तिला. तू काय कविता वाचून चालवणार ती?”

“पूर्ण झाली तर?”

“कोण करनार?”

“मी करून घेते.”

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई चहाचे कप उचलत होती. ते म्हणाले, “दसऱ्यापर्यंत थांबतो. आपल्या चाकांवर, आपल्या इंजिनावर तो चढ चढून भायेर गेली तं तुमची. न्हाय गेली तं तुकडे. मग मना काय बोलायचं न्हाय.”

मी हो म्हटलं. वास्तविक तेव्हा मला गाडीच्या मागच्या भागातलं काहीही कळत नव्हतं.

भावाचा एक मित्र आहे, त्याचं कल्याण रस्त्याला गॅरेज आहे. गाडीचं इंजिन दोघांनी मिळून बसवलं होतं. मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो आधी डोळे पुसत राहिला आणि मग एकदम कामाचं बोलायला लागला, जसं काही त्याला इतके महिने कुणी विचारायचंच राहिलं होतं.

“ताई, तुम्ही फक्त हो म्हणा. आपण इंडिपेंडंट टाकू. एक नंबर.”

इंडिपेंडंट म्हणजे मागचं प्रत्येक चाक स्वतंत्र. एक चाक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता लागत नाही. परदेशी महाग गाड्यांना असतं. त्यासाठी एका अपघातातल्या परदेशी गाडीचा मागचा सगळा सांगाडा आणायचा, आमच्या गाडीचा तळ कापायचा आणि तो सांगाडा तिथे जोडायचा.

“आणि जुनं हौजिंग?” मी विचारलं.

“ते भंगार.”

“दुसरा काही मार्ग आहे?”

“आहे ना. ड्रॅगवाला, शर्यतीच्या गाडीसारखा. हौजिंग तेच ठेवायचं, लांब दांडे लावायचे, मागची सीट काढून टाकायची. सीधी बात. पाय दिला की गाडी गोळी.”

“मागची सीट काढली तर मागे कोण बसणार?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “ताई, अशा गाडीत मागे कोण बसतं?”

मागे आमची आई बसणार होती. तिचं माहेर गणेशपुरीजवळच्या एका गावातलं, भातशेतीचं. भावाने तिला कबूल केलं होतं की गाडी झाली की पहिली फेरी गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर, एसटीने नाही, मागच्या सीटवर पाय पसरून. तिच्या कमरेला धक्के सोसत नाहीत. त्या भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे ज्याने बघितलेत त्याला पुढचं सांगायला नको.

म्हणजे माझ्यापुढचा प्रश्न असा होता. गाडीने पूर्ण ताकद लावून चढावर उडी न मारता चढायचं, आणि त्याच गाडीने आईची कंबर न दुखवता गणेशपुरीला जायचं. मित्राला पहिली अर्धी गोष्ट कळत होती, आईला दुसरी. दोन्ही एका ठिकाणी मांडणं माझ्याकडे आलं.

मला वाचता येतं. घरात माणूस गेलं की काही बायका पापड लाटतात, काही देवळात जाऊन बसतात, मी वाचते. भावाच्या कपाटात गाड्यांवरची इंग्रजी पुस्तकं होती, तेलाच्या बोटांचे डाग असलेली. त्याने काही ठरवून लिहून ठेवलं असेल म्हणून आधी पानं चाळली. काही नव्हतं, एका पुस्तकात बसचं तिकीट होतं. मग मी ती पुस्तकं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पहिले काही आठवडे मला एका पानातलं एखादं वाक्य कळायचं. पावसाळाभर मी तेच करत होते. खिडकीबाहेर शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम खटाखट चालायचे आणि मी कागदावर चाकं काढत बसायचे. मला त्या काळात झोप लागायला लागली, हेही इथे सांगायला हवं.

पाट्यांची गोष्ट मला आधी कळली. पाटे दोन कामं करतात: गाडीचं वजन पेलतात आणि हौजिंगला जागेवर धरून ठेवतात. ताकद बेताची असेल तर एकाच माणसाकडून दोन्ही कामं निभतात. ताकद वाढली की चाकं पुढे ढकलताना हौजिंग स्वतःभोवती फिरायला बघतं, पाटे पिळवटतात, चाक निसटतं, पाटे सरळ होतात, चाक पुन्हा पकडतं, पुन्हा पिळवटतात. भावाची म्हैस ती हीच. इलाज सरळ होता, कामं वाटून द्यायची. वजन पेलायला वेगळ्या गोल स्प्रिंगा, आणि हौजिंग धरायला चार दांडे, दोन खालून, दोन वरून. वरचे दोन तिरके लावले की हौजिंग डावी-उजवीकडेही सरकत नाही. दांडे आखूड ठेवून सीटच्या खाली बसवता येतात. सीट राहते.

इंडिपेंडंट वाईट नव्हतं. खड्ड्यांना तेच जास्त चांगलं, हे मी मित्रालाही सांगितलं. पण ते आमच्या गाडीचं पोट फाडून दुसऱ्या गाडीचं पोट बसवणं होतं, आणि त्यातला एखादा भाग उद्या तुटला तर भिवंडीत मिळणार नव्हता. जुन्या हौजिंगचा प्रत्येक सुटा भाग मिळत होता.

मग त्या पुस्तकांत मला एक बिंदू भेटला. बाजूने पाहिलं तर वरचा दांडा आणि खालचा दांडा समांतर नसतात, किंचित एकमेकांकडे झुकलेले असतात. त्या दोन रेषा कागदावर पुढे वाढवत न्या, कुठेतरी पुढे, गाडीच्या मध्यभागी, त्या एकमेकींना मिळतात. त्या ठिकाणी गाडीत काहीच नसतं, खिळा नाही, पट्टी नाही, हवा असते. पण गाडीला ढकलणारा जोर जणू त्या बिंदूतून लागतो. बिंदू फार उंच असला तर पाय दाबताच मागचा भाग उचलला जातो. फार खाली असला तर गाडी मागे बदकन बसते. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. जिथे काहीच नाही तिथून सगळी गाडी पुढे ढकलली जाते, हे मला त्या दिवसांत समजायला अजिबात अवघड गेलं नाही.

मी ठरवलं: हौजिंग जुनंच, चार दांडे, गोल स्प्रिंगा, बिंदू जरा खाली. गाडी थोडी बसू दे. आपल्याकडे बसलेलं माणूस स्थिर मानतात. आणि दांड्यांच्या टोकांना शर्यतीच्या गाड्यांसारखे लोखंडी सांधे नकोत, रबरी बुश हवेत, कारण तिरके दांडे थोडे वळायला मागतात आणि रबर त्यांना वळू देतं. शिवाय लोखंडाला लोखंड लागलं की प्रत्येक खडा आईच्या कमरेत.

मित्र कागद बघत राहिला. “रबर लावलं तर थोडा जोर वाया जाणार, ताई.”

“जाऊ दे. आपल्याकडे जास्तच आहे.”

त्याला हे पटलं की हसू आलं ते कळलं नाही, पण त्याने कागद घडी करून खिशात ठेवला.

अडचण आली ती वेगळ्याच दिशेने. काकांना बातमी लागली की मी स्प्रिंगा मागवल्या आहेत. ते संध्याकाळी आले ते ओट्यावर बसलेच नाहीत.

“वर्ष झालं न्हाय अजून,” ते आईला म्हणाले. “वर्षाच्या आत घरात नवी वस्तू येत न्हाय. तू एक साडी घेतली न्हायस, आनि ही गाडी नवी करते? लोक काय बोलतील?”

हे खोटं नव्हतं. आमच्यात माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत नवीन काही घेत नाहीत, सण करत नाहीत, दाराला तोरण लावत नाहीत. मी त्या वर्षात नवी चप्पलसुद्धा घेतली नव्हती. इतकी पुस्तकं वाचली, पण हा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. काकांच्या चेहऱ्यावर मला जिंकल्याचं काही दिसलं नाही, ते खरंच घाबरले होते. तरी एवढं मात्र खरं की आई हो म्हणाली असती तर गाडी त्याच क्षणी तुकड्यांत गेली असती.

आई तांदूळ निवडत होती. तिने हात थांबवला नाही. मला विचारलं, “आस बदललास का गो?”

मला आधी कळलंच नाही. मराठी शिकवणारी मी.

“आस गो. चाकाचा. माझ्या बापाच्या गाडीला होता तो.”

“हौजिंग?” मी म्हणाले. “नाही. जुनंच आहे. तेच बसणार.”

मग ती काकांकडे वळली. “माझ्या बापाची बैलगाडी तुमी बघितली न्हाय. तिची चाका दोनदा बदलली, साटा बदलला, जू तर दर सालाला मोडायचं. पूजा एकदाच झाली, आस घातला तवा. आस जुना तवर गाडी जुनी. बाकी सगली दुरुस्ती.”

“वयनी, ही बैलगाडी हाय का?”

“चाका हायेत, आस हाय, मानसं बसनार. मग काय हाय?”

काकांनी ओट्याकडे बघितलं. मग म्हणाले, “दुरुस्ती असंल तं ठीक हाय,” आणि ओट्यावर बसले. आईने मला चहा टाकायला सांगितलं.

चहा उकळत असताना मला एकदम जाणवलं की इंडिपेंडंट घातलं असतं तर जुनं हौजिंग भंगारात गेलं असतं, आणि आईच्या हिशेबाने गाडी नवी झाली असती. सगळा पावसाळा मी कोन आणि रेषा मोजून ज्या जागी पोचले होते तिथे आई आधीच बसलेली होती, तिच्या वाटेने आलेली. चाकाचा आस पुल्लिंगी, मनातली आस स्त्रीलिंगी. शब्द तोच. मी हे वर्गात कितीदा सांगितलं असेल, एक मार्काचा प्रश्न म्हणून.

दांडे आणि पट्ट्या बनवायला मित्राने लूमचे सांगाडे जोडणाऱ्या एका वेल्डिंगवाल्याला बोलावलं. तो उत्तरेकडचा, अनेक वर्षं इथला. माझ्या आकृत्या बघून म्हणाला, “मॅडम, पहले टाका मारके रखता हूँ. आप देख लो. पक्का बाद में.” टाका म्हणजे कच्चा जोड, मोडता येईल असा. शिवणातला आणि वेल्डिंगमधला शब्द इथे एकच आहे.

टाके मारून झाले, हौजिंग जागेवर लटकलं, मी फूटपट्टी आणि दोरी घेऊन रेषा तपासल्या आणि माझा बिंदू मला सापडेना. दोरी भलतीकडेच जात होती. बिंदू पार इंजिनावरून पुढे आणि उंच गेला होता. मित्र म्हणाला, “कागद चुकला, ताई.” मी दोन दिवस तोच हिशेब पुन्हा पुन्हा केला. मग उत्तरपत्रिका तपासताना डोक्यात प्रकाश पडला. गाडी अजून घोड्यांवर होती. हौजिंग खाली लोंबत होतं. रस्त्यावर चाकं वजनाखाली वर येतात, दांड्यांचे कोन बदलतात. आम्ही हवेत लटकलेली गाडी मोजत होतो.

मी गोदामात गेले आणि म्हणाले, “गाडी खाली घ्या. आणि माणसं बसवा.”

“कोण बसणार? ताई, इथे सगळ्यांना काम आहे.”

आजूबाजूला मात्र कापडाचे तागे होते, भाडेकरूने आमचा कोपरा सोडून बाकीचं गोदाम लूमवरच्या कोऱ्या कापडाने भरायला घेतलं होतं. आम्ही वजनकाटा आणला आणि आईच्या वजनाइतके तागे मागच्या सीटवर डावीकडे ठेवले. उजवीकडे काकांसाठी. काका नेमके तेव्हाच भाडेकरूला घेऊन आले.

“हे काय चाललंय?”

“तुम्ही बसलाय मागे,” मित्र म्हणाला.

काकांनी आधी आईचा ढीग बघितला, मग आपला. “माझ्या जागी येवढे? दोन काढ त्यातले.”

“काट्यावर मोजलेत, काका.”

“काटा खराब हाय.”

भाडेकरू तोंड फिरवून हसत होता. गाडी ताग्यांच्या वजनाने खाली बसली, हौजिंग वर आलं, आणि दोरी ताणली तर माझा बिंदू जिथे कागदावर होता तिथेच होता, पुढच्या सीटच्या अलीकडे, गिअरच्या दांड्याच्या उंचीला. मी तिथे हवेत बोट धरून उभी राहिले. वेल्डिंगवाला म्हणाला, “पक्का कर दूँ?” मी म्हटलं, “कर दो.”

दसऱ्याच्या दिवशी रस्त्यावरचा प्रत्येक ट्रक आणि टेम्पो झेंडूच्या माळा घालून उभा होता. आमच्या गाडीला हार नव्हता. आईने मुद्दाम सांगितलं होतं, हार नको, कुंकू नको, नारळ नको. दुरुस्तीला कोण नारळ फोडतं?

मित्राला वाटलं होतं चढावर तोच चालवेल. मी चावी दिली नाही. गाडी चालवायला मला भावानेच शिकवलं होतं, त्याच गोदामाच्या आवारात, छोट्या गाडीवर. तो शेजारी बसून एकच वाक्य म्हणायचा, “घाबरून पाय काढू नको, घाबरलीस तर दाबू पण नको, विचार करून काय ते कर.” मित्र माझ्या शेजारी बसला. मागे तागे. हळू चढवली असती तर ती पाट्यांवरसुद्धा चढली असती, काकांची अटही तेवढीच होती. मला हळू चढायचं नव्हतं.

चढाच्या तळाशी गाडी सरळ केली. वर रस्त्यावर आई आणि काका उभे होते. मी विचार केला, आणि पाय पूर्ण दाबला.

मागचा भाग बसला. मोठं माणूस पाटावर बसतं तसा, एकदा, नीट. मी म्हशीची वाट बघत होते. दातसुद्धा आवळले होते. काही झालं नाही. खडी मागे उडाली, पाठ सीटला चिकटली, इंजिनाचा आवाज पत्र्याच्या छपरांवरून परत आला आणि चढ संपला. आधी जिथे सांधा तुटला होता ती जागा केव्हा गेली ते मला कळलंच नाही. मी ब्रेक लावला तेव्हा आम्ही काँक्रीटवर होतो आणि मित्र दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून शांतपणे म्हणत होता, “रबर चाललं. ताई, रबर चाललं.”

काका पुढे आले. त्यांच्या हातात लिंबू होतं.

“चाकाखाली ठेव,” ते मला म्हणाले.

आई म्हणाली, “लिंबू नव्या गाडीला. ही जुनी हाय.”

“आता आनलंय तं...”

“खिशात ठेवा.”

त्यांनी ठेवलं.

आम्ही तागे उतरवले. जिथे आईचे तागे होते तिथे आई बसली, जिथे काकांचे होते तिथे काका. गाडी त्याच उंचीवर आली, मी उतरून पुन्हा बघितलं, केसभर फरक नव्हता. मित्र म्हणाला, “बघा काका, काटा बरोबर होता.”

शेलार सोडलं आणि खड्डे सुरू झाले. आरशात आई दिसत होती. सुरुवातीला तिने पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती. थोड्या वेळाने एक हात सुटला, मग दुसरा. तिने पाय वर घेऊन मांडी घातली. अंबाडी गाव सोडल्यावर एक सरळ, नव्याने केलेला तुकडा लागला, पुढे कुणी नव्हतं. मी पुन्हा पाय दाबला. दोन्ही बाजूंचं पिवळं होत आलेलं भात सपकन मागे गेलं. गाडी बसली आणि गेली, आणि मी मोठ्याने हसले. गेलं जवळपास वर्षभर मी आवाज करून हसले नव्हते. मागून काका ओरडले, “हळू गो, हळू,” आणि मग लगेच, “अजून एकदा कर.”

मी अजून एकदा केलं.

गणेशपुरीला आईने कुंडाच्या पायरीवर बसून गरम पाण्यात पाय सोडले. मी तिच्याजवळ बसले. कमरेचं विचारायचा मला धीर होत नव्हता. ती पाण्यात पाय हलवत म्हणाली, “एसटीनं आले की पयला कंबर शेकते मी. आज पाय घातले. कंबर इसरलेच.”

बाहेर सोडावाल्याच्या गाडीपाशी काका आणि मित्र उभे होते. सोडावाला म्हणत होता, लिंबं संपली, साधा घ्या. काकांनी खिशातून लिंबू काढलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, “चार कर. गोड.”

आम्ही चौघांनी तो लिंबूसोडा गाडीला टेकून प्यायला. आई मागच्या चाकाजवळ उभी होती. ग्लास संपत आल्यावर तिने तळाचा थोडा सोडा चाकावर ओतला, पदराने त्यावरची धूळ पुसली आणि काकांनी बघायच्या आत हात मागे घेतला.

“पूजा न्हाय,” ती मला म्हणाली. “धुतलं फकस्त.”